माघारीचा कागद

"ऊठ," आबासाहेब माईकवर म्हणाले.

मी उठलो.

"बस."

मी बसलो.

"बघा पाव्हणं, असा इमानी माणूस तुमच्या तालुक्यात दुसरा घावायचा न्हाई. ऊठ म्हनलं की उठतो, बस म्हनलं की बसतो. ऊठ रं परत."

मी परत उठलो. शाळेच्या पटांगणातला मांडव हसला. स्टेजवर बसलेला तालुक्याचा मोठा पाहुणा हसला. मास्तर हसले. माझ्या वस्तीतली माणसं मागच्या बाजूला सतरंजी संपते तिथं बसली होती, त्यातलीही दोघं-चौघं हसली. आणि मीही हसलो. दात दाखवून हसलो. माझं वय तेव्हा पन्नाशीच्या पुढं होतं. आबासाहेब माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान.

बायकांच्या बाजूला माझी वहिनी बसली होती. सुलोचनावहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको. त्या हसल्या नाहीत. त्या माझ्याकडं बघत होत्या.

तो सत्कार गावाचा होता. गावाची पंचायत बिनविरोध झाली म्हणून. गावात एकोपा आहे, भांडण नाही, गट नाही, म्हणून शाल-नारळ. तो एकोपा कसा झाला ते मला माहीत होतं. कारण तो मीच केला होता. एका कागदावर, खोटं बोलून.

हे मी आजवर कुठं लिहिलं नाही. आता लिहितो. का लिहितो ते शेवटी सांगेन.

पुणे-सोलापूर हायवेवर भांडगाव सोडलं की थोडं पुढं जाऊन डावीकडं आत वळायचं. तिथं आमचं गाव. ऊस, गुऱ्हाळं, धनगरांचे वाडे, आणि ओढ्याच्या पलीकडं आमची बौद्ध वस्ती. मी आबासाहेबांच्या गुऱ्हाळावर चुलवाणाला जाळ घालायचो. वर काहिलीत रस उकळायचा, खाली मी वाळलेली चिपाडं भट्टीत लोटायचो. काहिलीपाशी गूळ उतरवणारा गुळव्या उभा राहायचा, त्याला मान. माझ्या अंगावर राख. आबासाहेब मला नावानं कधी हाक मारायचे नाहीत. "ए चुलवाण" म्हणायचे. मी यायचो.

आमच्या गावात माझ्या कळत्या वयापासून पंचायतीची मतपेटी आली नव्हती. निवडणूक जाहीर झाली की मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात बैठक बसायची. आबासाहेबांचे वडील, पुढं आबासाहेब, नावं सांगायचे. तेवढेच फॉर्म भरले जायचे. कुणी आगाऊपणानं जास्तीचा भरला तर माघारीच्या दिवशी त्याला जीपमध्ये घालून दौंडला न्यायचे आणि तहसील कचेरीत माघार घ्यायला लावायचे. जेवढ्या जागा तेवढी माणसं. मतदानच नाही. गावाला त्याचा केवढा अभिमान. मी दिल्लीसाठी मत दिलं होतं. मुंबईसाठी दिलं होतं. माझ्या वस्तीच्या नळासाठी, माझ्या गल्लीच्या दिव्यासाठी मी कधी मत दिलं नव्हतं. मला त्यात काही चुकीचं वाटायचं नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटायचं नाही.

मग कायदा बदलला. बायकांना राखीव जागा आल्या. एका निवडणुकीला आमच्या वॉर्डाची जागा मागासवर्गीय बाईला राखीव झाली, आणि सरपंचपदही मागासवर्गीय बाईलाच. म्हणजे ओढ्यापलीकडून जी बाई निवडून येईल ती सरपंच.

बैठकीत आबासाहेबांनी नाव सांगितलं, अनुसया. आमच्याच वस्तीतली. तिचा नवरा त्यांच्या मळ्यात सालगडी. अनुसया बिचारी अंगठेबहाद्दर. तिला सरपंच म्हणजे काय हेही कोणी सांगितलं नव्हतं. बैठक संपली. विषय मिटला असं सगळ्यांनी धरलं.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी मला बोलावलं.

माझा भाऊ रेल्वेत होता, दौंड जंक्शनला. तो लवकर वारला. वहिनींनी शिलाई मशीन घेतली आणि वस्तीवर ब्लाउज, परकर, पोरांचे शाळेचे ड्रेस शिवून घर चालवलं. माहेर शिरूर तालुक्यातलं, पाबळचं. तिथं नववीपर्यंत शिकलेल्या. दुपारी बायका ब्लाउज टाकायला आल्या की त्यांना पेपर वाचून दाखवायच्या. घरात एकच तसबीर होती, ज्यांनी आम्हाला मताचा हक्क मिळवून दिला त्यांची. मशीन त्या तसबिरीखाली.

"भावजी, म्या फॉर्म भरनार हाय," त्या म्हणाल्या.

"कशाचा?"

"कशाचा म्हंजी? सरपंच बाई व्हनार हाय न्हवं आपल्या वस्तीची? मंग मी काय बाई न्हाई?"

"वहिनी, आबासाहेबांनी अनुसयेचं नाव ठरवलंय."

"आबासाहेबांचा वॉर्ड येगळा हाय. आपल्या वॉर्डात त्यांचं मतच न्हाई. मंग ठरवनारे ते कोन?"

या साध्या गोष्टीचा विचार गावात कोणी केलाच नव्हता.

फॉर्मवर सूचक लागतो. उमेदवाराचं नाव सुचवणारा त्याच वॉर्डातला मतदार. वहिनी म्हणाल्या, "तुमी ऱ्हावा. घरचं मानूस बरं." मी सही केली. मला सही येत होती, त्याचा मला गर्व होता.

फॉर्म मंजूर झाला. दोन उमेदवार, वहिनी आणि अनुसया. वस्तीत वारं फिरलं. वहिनींना शिलाई मशीनचं चिन्ह हवं होतं. निवडणुकीच्या चिन्हांच्या यादीत ते असतं असं त्यांच्या भावानं सांगितलं होतं. बायकांनी आधीच भिंतींवर गेरूनं मशीनची चित्रं काढून ठेवली. एकीनं काढलेलं चित्र शेळीसारखं दिसत होतं. त्यावरून दोन दिवस वस्ती हसत होती. "वहिनी, तुमी शेळीवर उभ्या हाय का मशीनवर?" आमच्या वस्तीत असलं हसू मी कधी ऐकलं नव्हतं.

माघारीच्या आदल्या दुपारी आबासाहेब गुऱ्हाळावर आले. मी भट्टीपाशी होतो. ते माझ्या शेजारी चिपाडांच्या ढिगावर बसले. पांढरीशुभ्र विजार, आणि चिपाडावर बसले.

"आप्पा," ते म्हणाले.

मी मागं वळून बघितलं. मागं कोणी नव्हतं. ते मलाच म्हणाले होते.

"आप्पा, च्या घेतला का तुमी?"

"घेतला."

"वहिनीला समजवा. आवो, बिनविरोध म्हंजी गावाचं नाक हाय. आपुन भांडलो तर बाहेरचे लोक हसतील."

"ऐकायच्या न्हाईत त्या."

"मंग त्यांनी न ऐकता कसं व्हईल ते बघा. तुमी सूचक हायसा. माघारीचा कागद सूचकालाबी देता येतो. दोन सह्या पायजेत त्यांच्या, बास." त्यांनी खिशातून कागद काढला. टाइप केलेला. मग माझ्या राखेच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्या माझ्यासंगं दौंडला चला. पुढं बसा जीपमध्ये."

त्यांनी मला धमकी दिली नाही. पैशाचं बोलले नाहीत. कामावरून काढीन असंही म्हणाले नाहीत. लोक विचारतील म्हणून सांगतो, मला काहीही मिळालं नाही. जन्मात पहिल्यांदा मला गावातल्या मोठ्या माणसानं आप्पा म्हटलं, तुम्ही म्हटलं, खांद्याला हात लावला आणि जीपमध्ये पुढची सीट दिली. एवढ्यावर मी विकलो गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहिनींकडं गेलो. लग्नसराई होती. त्यांच्या तोंडात टाचण्या, पाय पायडलवर, मांडीवर कुणाच्यातरी शालूचा ब्लाउज.

"वहिनी, दोन सह्या पायजेत."

"कशाच्या?"

इथं मला खरं लिहायचं आहे. आबासाहेबांनी मला सही आणायला सांगितलं होतं. काय सांगून आणायची ते सांगितलं नव्हतं. पुढचं खोटं माझं आहे. माझ्या एकट्याचं.

"चिन्हासाठी," मी म्हणालो. "आज चिन्ह वाटनार हायेत. आगुदर अर्ज द्यावा लागतो."

त्यांचा चेहरा फुलला. टाचण्या काढून त्यांनी हातावर घेतल्या. "मशीन हाय का यादीत?"

"हाय."

"बघितली का तुमी यादी?"

"बघितली."

त्यांनी कागद हातात घेतला. त्यांना वाचता येत होतं. मराठीत टाइप केलेल्या सात-आठ ओळी होत्या, एका मिनिटाचं काम. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"तुमी वाचलाय न्हवं?"

"व्हय."

"मंग झालं."

आणि सही केली. एक खाली. एक बाजूला, मला कागद द्यायचा अधिकार दिल्याची. तसबिरीखाली, मशीनच्या फळीवर कागद ठेवून. अक्षर सुरेख होतं त्यांचं. मी कागदाची घडी घातली तेव्हा त्या म्हणाल्या, "तीन वाजता आमी बाया येतो दौंडला एसटीनं. मशीन मिळाल्याबिगर हालू नका तिथनं."

जीपमध्ये मी पुढं बसलो. खिडकीतून वारा लागत होता. पाटसच्या पुलापर्यंत मला आपण कोणीतरी मोठं झाल्यासारखं वाटत होतं. हेही खरं आहे.

कचेरीतल्या साहेबानं कागद बघितला. "सूचक तुम्हीच?"

"व्हय."

"उमेदवार कुठं आहेत?"

"घरी."

"स्वखुशीनं माघार घेतायत ना?"

कागदावर तोच शब्द होता. मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय. एका बाईची खुशी साहेब मला विचारत होता. नियमात बसत होतं ते.

"स्वखुशीनं," मी म्हणालो.

शिक्का बसला. मी बाहेर येऊन जीपमध्ये बसलो. पुढंच.

तीनला वहिनी आल्या. बरोबर पाच बायका. एकीच्या हातात गेरूनं रंगवलेला कापडी फलक, त्यावर मशीन. फळ्यावर यादी लागली होती. आमच्या वॉर्डापुढं एकच नाव, अनुसयेचं, आणि पुढं 'बिनविरोध'. वहिनींनी यादी वाचली. परत वाचली. मग आत गेल्या. खिडकी उघडी होती, मला सगळं ऐकू येत होतं.

"साहेब, माझं नाव कुठं हाय?"

"तुम्ही माघार घेतली ना बाई. हा कागद. सही तुमचीच आहे ना?"

कागद उलगडल्याचा आवाज आला. मला माहीत होतं, त्या आता तो कागद वाचत होत्या. सकाळी न वाचलेला.

"सही माझी हाय," त्या म्हणाल्या.

"मग?"

"आनली ज्यानं त्योबी माझाच हाय."

त्या ओरडल्या असत्या, फसवणूक झाली म्हणाल्या असत्या, तर मला पोलिसांत नेलं असतं. त्यांना ते कळत होतं. त्या बाहेर आल्या. जीपसमोरून गेल्या. पुढच्या सीटवर मी. त्या थांबल्या नाहीत. फलक धरलेली बाई रडत होती, तिला म्हणाल्या, "घडी घाल त्याची. कापड चांगलं हाय."

आठवड्याभरात सत्कार झाला. ऊठ-बस झाली. ते वर सांगितलंच आहे. आप्पा फक्त एका दिवसापुरता होतो. मांडवात मी परत चुलवाण झालो.

सत्कारानंतर वहिनी माझ्या दारात आल्या. आत आल्या नाहीत.

"त्यांनी ऊठ म्हनलं, तुमी उठला. त्याचं मला न्हाई वाईट वाटलं. पोटासाठी माणूस उठतं. भावजी, तुमी हसला कशापायी?"

दुसऱ्या दिवशी त्या माहेरी गेल्या.

दोन महिने झाले. वस्तीत कुजबुज सुरू झाली. मी त्यांना आणायला निघालो. दौंडहून शिरूर, शिरूरच्या स्टँडवर दोन तास, मग पाबळची गाडी. वहिनींचा भाऊ दारातच भेटला. पंप दुरुस्तीचं काम करणारा, कमी बोलणारा माणूस. त्यानं पाणी दिलं. मग हाताचं ग्रीस चिंधीला पुसत म्हणाला,

"पाव्हणं, इथं परवा आमच्याकडं पंचायतीचं मतदान झालं. समदे गेलो. बहीण घरीच बसली. तिचं नाव इथल्या यादीत न्हाई, तुमच्याकडं हाय. आन् तुमच्याकडं तर मतदानच न्हाई. मंग ती कुठली मानायची आमी?"

त्यानं ते रागानं म्हटलं नव्हतं. खरोखर विचारलं होतं. वहिनी आतून पिशवी घेऊन आल्या. मी परतीच्या गाडीत तोच प्रश्न घेऊन बसलो. वहिनी शेजारच्या सीटवर होत्या. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. तिकीट वाचा, कुठवरचं दिलंय बघा." आणि माझ्या हातातून तिकीट घेऊन स्वतःच वाचलं.

तेव्हापासून त्यांनी माझ्या हातचा एकही कागद वाचल्याशिवाय घेतला नाही. लाइटबिल, रेशनकार्ड, लग्नाची पत्रिकासुद्धा. बोट ठेवून, ओळ न ओळ. मी समोर उभा राहायचो. त्यांनी मला कधी शिवी दिली नाही. सणाला जेवायला बोलावलं. पण ते बोट मला चुलवाणापेक्षा जास्त भाजायचं.

पाच वर्षं अनुसया सरपंच होती. झेंडा आबासाहेब फडकवायचे. अनुसया सकाळी लवकर जाऊन पंचायतीच्या खुर्च्या पुसायची आणि सभा सुरू झाली की दाराशी बसायची. ठरावाचं रजिस्टर घेऊन शिपाई गोठ्यात जायचा, ती शेणाचा हात धुऊन अंगठा द्यायची. एकदा तिनं शिपायाला विचारलं, "कशाचा हाय ठराव?" शिपायानं ते आबासाहेबांना सांगितलं. आबासाहेब हसून म्हणाले, "सरपंचबाई, म्हशीला पाणी पाजलं का?" वस्तीचा नळ पाच वर्षांत आला नाही.

मी त्या पाच वर्षांत काय केलं? चुलवाणाला जाळ घातला. आबासाहेब मला रस्त्यात "ऊठबस्या" म्हणायला लागले. मी ओ द्यायचो. अपमान झाला त्या दिवशी माणूस पेटून उठतो असं लोक सांगतात. मी नाही पेटलो. मला पाच वर्षं लागली.

परत निवडणूक आली. या वेळेला आमच्या वॉर्डाची जागा मागासवर्गीय होती, बाई असो की पुरुष. देवळाच्या सभामंडपात बैठक बसली. आम्ही ओढ्यापलीकडचे नेहमीप्रमाणं पायऱ्यांखाली. आबासाहेबांनी एकेका वॉर्डाचं नाव सांगितलं. मग आमच्याकडं वळले.

"त्या वॉर्डात ह्या वक्ताला आपला ऊठबस्या. लई इमान राखलं त्यानं. म्हातारपणी मेंबर करू त्याला. ऊठ रं, तोंड दाखव गावाला."

मी बसून राहिलो.

"ऊठ की. गुडघं धरलं का?"

हसू आलं. गावाला हसायची सवय होती.

"गुडघं बरं हायती," मी म्हणालो. "मी उठत न्हाई."

"म्हंजी?"

"म्हंजी बसूनच बोलतो."

गुडघे खरंच दुखत होते. पण मी बसलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मर्जीनं बसलो होतो. आणि मी सांगितलं. चिपाडाचा ढीग, टाइप केलेला कागद, चिन्हाचं खोटं, टाचण्या, दोन सह्या, जीपची पुढची सीट. काही लपवलं नाही.

"आबा, म्हाताऱ्यानं सकाळीच घेतलीय वाटतं," कुणीतरी बोललं. या वेळी हसू फार लांब गेलं नाही.

आबासाहेबांचा चेहरा लाल झाला होता. "कागदावर सही तिची हाय. तुझ्याकडं पुरावा काय?"

"पुरावा मीच हाय. चोरी म्या केलीय. आनखी कुनाला इचारता?"

पायऱ्यांखाली माझ्या वस्तीतली माणसं माझ्याकडं बघत होती. आमच्या मागं ओढ्याच्या वाटेला बायका उभ्या होत्या. मला जोर आला. मी म्हणालो, "आमच्या वॉर्डातनं सुलोचनावहिनीचा फॉर्म भरला जाईल. सूचक मी. आवंदा माघार न्हाई."

मला वाटलं, झालं. फिटलं.

घरी आलो तर वहिनी ओट्यावर बसलेल्या.

"परत माझ्या वतीनं तुमीच बोलला," त्या म्हणाल्या.

"वहिनी, मी तर तुमच्यासाठी..."

"तवाबी माझ्या नावानं बोलला, आताबी माझ्याच नावानं. इचारलं का मला?" त्या थांबल्या. "तुमी केलं ते तुमी सांगितलं, ते बरं झालं. ते तुमचं व्हतं. फॉर्म माझा हाय. म्या भरीन. पण सूचक तुमी न्हाई."

त्यांनी वस्तीतली एक नवी सून सूचक घेतली. बारावी शिकलेली. दोघींनी फॉर्म तीनदा वाचला.

माझं गुऱ्हाळाचं काम दुसऱ्याच दिवशी गेलं. आबासाहेबांनी आमच्या बायकांना बांधावरचं गवत बंद केलं. ज्यांचे नवरे त्यांच्या मळ्यात होते त्यांना ताकीद गेली. माघारीच्या दिवशी जीप वस्तीवर आली, उभी राहिली आणि रिकामी गेली. वहिनींना शिलाई मशीन मिळालं. आबासाहेबांनी दुसऱ्या एकाला उभं केलं.

आणि मतपेटी आली. टेम्पोतून. शाळेच्या खोलीत पुठ्ठ्याचा आडोसा केला. मी आत गेलो. हातात कागद, रबरी शिक्का. पुठ्ठ्याच्या आत मी एकटा होतो. बाहेर गाव होतं, आबासाहेब दाराशी खुर्ची टाकून बसले होते, पण आत ऊठ म्हणणारं कोणी नव्हतं, बस म्हणणारं कोणी नव्हतं. मी कागद पूर्ण वाचला. बोट ठेवून. मग शिक्का मारला.

बाहेर आलो तेव्हा अनुसया रांगेत होती. नवऱ्यामागं, पदर तोंडावर. मत देऊन निघाली तेव्हा माझ्या शेजारून जाताना न थांबता म्हणाली, "मशीनवर मारला." आणि गोठ्याकडं गेली. कुणाला कळलं नाही. तिनं सांगितलं नसतं तर मलाही कळलं नसतं. त्या पुठ्ठ्याची किंमत मला तिच्याकडून कळली.

वहिनी हरल्या.

मोजणी झाली, त्या घरी आल्या, मशीनवरचं फडकं काढलं आणि अर्धवट राहिलेला परकर शिवायला घेतला. बायका भोवती बसल्या होत्या. एकीनं हुंदका दिला तशा वहिनी म्हणाल्या, "रडती कशाला? हरले, पन मोजून हरले. गेल्या टायमाला तर मोजलंबी नव्हतं."

त्यानंतर आमच्या वॉर्डात बिनविरोध झालं नाही. वहिनी पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत, पण फॉर्म भरणारा प्रत्येक जण त्यांच्याकडं कागद घेऊन यायचा. त्या वाचायच्या, आणि त्यालाही वाचायला लावायच्या.

गेल्या वर्षी वहिनी गेल्या.

शोकसभेला आबासाहेबांचा मुलगा आला होता. आता गाव तो बघतो. चांगलं बोलतो, हात जोडतो, मला आप्पा म्हणतो. माईक हातात घेऊन म्हणाला, "ताईंचं मन मोठं होतं. गावाच्या एकोप्यासाठी त्यांनी त्या वर्षी स्वखुशीनं माघार घेतली होती. हा त्याग गाव विसरणार नाही." सभामंडपात माझं ऐकलेले म्हातारे बरेचसे गेलेत, उरलेल्यांनीही माना डोलावल्या. तरुण पोरांना तेच खरं वाटलं. पंचायतीच्या नव्या इमारतीत संगमरवरी पाटी लावली आहे, त्यावर बिनविरोध झालेल्या सगळ्या निवडणुका खोदल्या आहेत. त्यात त्या वर्षाचीही ओळ आहे.

मी कचेरीत जाऊन तो माघारीचा कागद मागितला. मुदत संपलेली जुनी कागदपत्रं नष्ट करतात म्हणाले. म्हणजे आता खोटं दगडावर आहे आणि खरं माझ्या एकट्याजवळ. मी मेलो की तेही जाईल. म्हणून लिहिलं.

लोक मला म्हणतात, आप्पा, निवडणूक म्हंजी खर्च, भांडणं, दारू. बिनविरोध बरं नाही का? पुढारी तर बिनविरोध गावाला वर बक्षीस जाहीर करतात. मी त्यांना सांगतो, भांडण कमी करायचं असेल तर दारू थांबवा. मत थांबवू नका. माघार घेणाऱ्यानं स्वतः साहेबासमोर यावं आणि साहेबानं त्यालाच विचारावं, दुसऱ्या कुणाला नाही. सूचकाच्या हातून, दिराच्या हातून, मालकाच्या हातून आलेला कागद घेऊ नका. एकच नाव उरलं तरी पेटी येऊ द्या, आणि 'हा नको' म्हणायला कागदावर जागा ठेवा. बक्षीस द्यायचंच तर ज्या गावात सालगड्याच्या बायकोनं मालकाविरुद्ध शिक्का मारला आणि तिला गवत बंद झालं नाही, त्या गावाला द्या. कायदा करणारे मोठे लोक म्हणतील, हा चुलवाणावरचा म्हातारा आम्हाला काय शिकवतो. मी शिकवत नाही. ती फट कुठं आहे ते सांगतो. मी तिच्यातूनच आत शिरलो होतो.

येत्या ग्रामसभेला मी जाणार आहे. पायऱ्यांखाली बसणार नाही. कोणी ऊठ म्हणायच्या आत उठेन आणि हे सगळं वाचून दाखवेन, बोट ठेवून, ओळ न ओळ. ती पाटीवरची ओळ खोडायचा ठराव मांडेन. हात वर करून मोजा म्हणेन. ठराव हरला तरी चालेल, मोजला पाहिजे.

आणि मोजलाच नाही, तर छिन्नी माझ्या पिशवीत आहे. दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर, ती ओळ मी खोडीन. पोलीस आले तर विचारतील, कोणाच्या सांगण्यावरून केलंस.

स्वखुशीनं, म्हणून सांगेन.